लाइन यायच्या आधीच घर जोडून ठेवा

साताऱ्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा इंटरनेटवाले म्हणाले, "दोन दिवसांत माणूस येईल." माणूस आला सतराव्या दिवशी. मी फार चिडलो नाही. टेलिफोन खात्यात ३२ वर्षं लाइनवर काढली आहेत, त्यामुळे "दोन दिवसांत" हे मी स्वतः किती दारांत उभं राहून बोललोय ते मलाच ठाऊक. पण सूनबाई नातीला घेऊन महिनाभर येणार होती आणि तिचं ऑफिस लॅपटॉपवरच चालतं. म्हणून त्या सतरा दिवसांत मी वाय-फाय उभं करून टाकलं. आमची ही म्हणाली, "नळाला पाणी नाही आणि तुम्ही बादल्या कसल्या मांडताय?" आता बादल्या पाणी यायच्या आधीच मांडतात, हे साताऱ्यात जन्म काढलेल्या बाईला मी काय सांगणार!

बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो. वाय-फाय वेगळं आणि इंटरनेट वेगळं. ऑफिसातला इंटरकॉम आठवा. बाहेरची लाइन मेली तरी साहेब आतल्या नंबरावरून चहा सांगू शकतात. राउटर तसाच. बाहेरची वायर नसली तरी तो घरातल्या फोनला, लॅपटॉपला, प्रिंटरला नंबर वाटतो आणि त्यांचं आपसात बोलणं चालू करून देतो.

राउटर घ्यायच्या आधी कंपनीला फोन करून दोन गोष्टी विचारा. एक, तुम्ही जो फायबरचा डबा लावणार, म्हणजे ओएनटी, त्यात वाय-फाय आहे का? बहुतेक ठिकाणी असतं, आणि घर लहान असेल तर तेवढ्यावर भागतं. दोन, लाइन पीपीपीओईवर, म्हणजे कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड टाकून, चालते की नुसती वायर खोचली की झालं? उत्तर कागदावर लिहून ठेवा. फोनवरची मुलं रोज बदलतात.

आता जागा. लाइनमन वायर जिथून घरात येते तिथेच, म्हणजे दाराच्या वरच्या कोपऱ्यात, डबा ठोकून मोकळा होतो. मीही तेच करायचो. आपण आधीच जागा ठरवून ठेवली नसेल तर त्याच्याशी वाद घालायला तोंड राहत नाही. मी राउटर एका स्टुलावर ठेवला, एक्स्टेन्शन बोर्डावरून वीज दिली, फोनमध्ये वाय-फायची ताकद मोजणारं अ‍ॅप मोबाइल डेटावर उतरवून घेतलं आणि घरभर फिरलो. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ७५ च्या पलीकडे रडारड. स्टूल हॉलच्या कोपऱ्यात असताना मागच्या बेडरूममध्ये उणे ७८ मिळत होते. मधे आरसीसीचा कॉलम आणि हिचं माहेरचं गोदरेजचं कपाट. स्टूल पॅसेजमध्ये आणलं, तर तिथेच उणे ६१. वाय-फायचे दोन पट्टे असतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. हे सगळं ५ चं. २.४ चा सिग्नल भिंतीतून जास्त आत जातो, पण वेग कमी, आणि बिल्डिंगमधले सगळे शेजारी त्याच पट्ट्यात भांडत असतात. २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा दिसेल तो घ्या. मधला कुठला घेतला तर दोन्हीकडच्यांच्या मधे पाय अडकतो. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांच्या मागे राउटर ठेवू नका. टीव्हीच्या मागे तर नाहीच, दिसायला कितीही बरं दिसो.

सूनबाईच्या टेबलापर्यंत मात्र मी वायरच टाकली. मीटिंग चालू असताना चित्र थांबलं की ती काही बोलत नाही, फक्त माझ्याकडे बघते. बिल्डरने टीव्हीसाठी भिंतीत पाइप ठेवला होता, त्यातून १८ मीटर कॅट-६, म्हणजे नेटवर्कची वायर, ओढली. वायर घेताना अस्सल तांब्याचीच मागा. वर तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती घेऊ नका. विजेच्या पाइपातूनही नेऊ नका.

इथे मी सपशेल आपटलो. टेलिफोनच्या केबलमध्ये आम्ही जोड्या लावायचो त्या निळी, नारंगी, हिरवी, तपकिरी, स्लेट अशा, आणि प्रत्येक जोडीच्या दोन तारा शेजारी-शेजारी. हात त्याच सवयीने चालला. नेटवर्कच्या वायरीत क्रम असा आहे: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरवी जोडी फाकवून मधे निळी बसवायची. मी हिरव्या दोघी शेजारी ठेवल्या आणि दुसऱ्या टोकालाही तसंच केलं. गंमत म्हणजे दीडशे-दोनशे रुपयांच्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. तो फक्त तार तुटलेली नाही एवढंच सांगतो, कोण कोणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळत नाही. संदेश जातात ते एकत्र पिळलेल्या जोडीवरून. जोडी फोडली की एकीचा आवाज दुसरीत उतरतो. आमच्या भाषेत क्रॉसटॉक, जुन्या फोनवर दुसऱ्यांचं बोलणं ऐकू यायचं तेच. लॅपटॉपमधून फाइल पाठवली तर धक्के खात जायची. दोन्ही टोकं कापून नव्याने क्रिंप केली, म्हणजे प्लग दाबून बसवले, तेव्हा कुठे नीट झालं. ३२ वर्षं जोड्या जोडणाऱ्या माणसाने जोडी फोडली, हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

राउटरच्या आत शिरायला इंटरनेट लागत नाही. खालच्या स्टिकरवर वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. फोन त्या वाय-फायला जोडा आणि आधी मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर "इथे इंटरनेट नाही" असं म्हणत फोन गुपचूप डेटावर पळतो आणि पान उघडत नाही. तरीही जोडलेलं राहायचं का, असं विचारलं तर हो म्हणा. पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत टाइप करायचा. कंपनीचं अ‍ॅप खातं उघडायला सांगून अडवून ठेवत असेल तर ते सोडून ब्राउझरनेच जा. मधे इंटरनेटचा प्रकार विचारतील तिथे तात्पुरतं 'डायनॅमिक आयपी' निवडून पुढे चला. लाल दिवा लागेल, त्याला घाबरू नका.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि लोक हाच विसरतात. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा. नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको. आणि एक युक्ती, जिने माझा अर्धा दिवस वाचवला: जुन्या घरी वाय-फायचं जे नाव आणि पासवर्ड होता तोच इथे द्या, अक्षर न अक्षर तसाच, सुरक्षेचा प्रकारही तोच. टीव्ही, प्रिंटर, हिचा फोन, सगळे आपणहून येऊन चिकटले. त्यांना घर बदललंय हे कळलंच नाही.

राउटरचा स्वतःचा पत्ताही मी बदलून १९२.१६८.५०.१ केला. कंपनीचा ओएनटी पुष्कळदा १९२.१६८.१.१ वर बसतो, आणि एका घरात दोघांनी एकच पत्ता सांगितला की पोस्टमन गोंधळतो. ओएनटी स्वतःच राउटरचं काम करणार असेल तर दुसरा मार्ग आहे: आपला राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, मग नंबर वाटायचं काम ओएनटीकडे जातं.

फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामची, नवी फाइल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवून घेता येते. स्टिकरवर मॉडेलच्या पुढे व्ही१, व्ही२ असं लिहिलेलं असतं, ते तंतोतंत जुळवा. फाइल चढवताना लॅपटॉप वायरने जोडा आणि वीज जाणार नाही याची सोय करा. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आमच्याकडे पावसाळ्यात तसाही लागतोच. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.

प्रिंटर इंटरनेटशिवाय चालतो, त्याला राउटरमधून कायमचा नंबर देऊन टाका. क्लाउडवर नोंदणी मागणारे कॅमेरे आणि दिवे मात्र लाइन येईपर्यंत हलत नाहीत, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

शेवटी एक मोठी फाइल एका लॅपटॉपमधून दुसऱ्यात पाठवा आणि प्रत्येक खोलीतून किती वेळ लागला ते लिहून ठेवा. खात्यात तक्रार आली की आम्ही आधी डीपीवर, म्हणजे जिथून घरोघरी लाइनी फुटतात त्या डब्यावर, लाइन तोडून बघायचो, दोष ग्राहकाच्या घरात की बाहेर. हा कागद म्हणजे तुमची डीपी.

सतराव्या दिवशी मुलगा आला. डबा पॅसेजमध्ये मी आखलेल्या खुणेवर लावला. फायबर तीव्र वळवू दिली नाही आणि तिच्या टोकात डोळा घालू दिला नाही. फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर उणे १९ आले. उणे २७ च्या खाली गेलं की ओएनटीला ऐकू येईनासं होतं, म्हणून आकडा पेनने डब्यावरच लिहिला. ओएनटीवरचा पॉनचा (लाइन जुळल्याचा) हिरवा दिवा स्थिर झाला, लॉसचा (सिग्नल नसल्याचा) लाल विझला. "काका, वाय-फायचं नाव काय ठेवायचं?" मी म्हटलं, ठेवलंय. पीपीपीओईचं युजरनेम घातलं आणि दहा मिनिटांत तो चहा प्यायला लागला.

सूनबाई आली त्याच आठवड्यात नेट अडखळायला लागलं. मी बेडरूममधून फाइल पाठवली, वेळ कागदावरचाच. फोनवरची मुलगी राउटर बंद करून चालू करायला सांगत होती. म्हटलं, घरात दोष नाही, मीटर घेऊन माणूस पाठवा. तोच मुलगा आला, मीटर उणे २८. खाली डक्टमध्ये कोणीतरी प्लास्टिकच्या टायने फायबर पाइपाला आवळून बांधली होती. टाय कापला, आकडा परत उणे १९ वर आला. मी डब्यावर त्याच्या खाली तारीख घातली.