नवरा मारका, बायको मायाळू: कवितेत हा विरोध कसा उभा करायचा

‘तो राक्षस, ती देवता’ अशी सुरुवात झाली की कविता दुसऱ्या ओळीतच संपते. वाचकाला निकाल आधीच कळलेला असतो. विरोध विशेषणांतून नाही, हातांतून दाखवायचा. घरातली एकच वस्तू घ्या, ताट, तांब्या, दाराची कडी, काहीही, आणि तिला दोघांचे हात लागू द्या. त्याचं एक क्रियापद, तिचं एक.

ताट लाथेने सरके
भात भुईवर सांडे
शितं वेचता वेचता
ती चिमणीसाठी मांडे

यात ‘क्रूर’ नाही, ‘दयाळू’ही नाही. ‘सांडे’ आणि ‘मांडे’ या यमकाने दोघांना समोरासमोर बसवलंय. यमकाची जोडी आधी ठरवा: एक शब्द त्याचा, एक तिचा. मग ओळी मागे रचत जा. उलट क्रमाने गेलात तर यमकासाठी ‘बाई गं’, ‘हाय रे’ अशी भरती होते.

हे अष्टाक्षरीचं कडवं आहे. चार चरण, प्रत्येकात 8 अक्षरं, यमक दुसऱ्या आणि चौथ्यात. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं (‘गप्प’ म्हणजे 2), ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. बोटावर मोजा: ता-ट-ला-थे-ने-स-र-के. नवख्यांच्या ओळी बहुतेक ‘आणि’, ‘परंतु’ने फुगतात. हा विरोध ‘परंतु’ने जोडूच नका, दोन ओळी शेजारी ठेवल्या की पुरतं.

नवऱ्याला एक खरी हळुवार जागा द्या. त्याला चांगला ठरवायचं म्हणून नाही, त्याला हळू वागता येतं हे वाचकाला दिसावं म्हणून. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडचा नवरा असेल तर द्राक्षबाग हाताशीच आहे. विरळणीत घडातले जादा मणी कात्रीने काढतात, आणि राहिलेल्या मण्यांना इजा होऊ नये इतकं जपून.

घड विरळतो असा
मणी एक ना दुखावे
तेच हात घरी येता
कडीनेही गप्प व्हावे

‘तेच हात’ ही चारच अक्षरं. पण अख्खं कडवं त्यावर टेकलंय. तपशील मात्र तपासा. विरळणी ऑक्टोबर छाटणीनंतरची, म्हणजे थंडीतली. तिथे वैशाखाचं ऊन घातलंत तर पिंपळगावचा वाचक पुढचं वाचणारच नाही.

बायकोच्या बाबतीत चूक वेगळी होते. तिची माया फक्त नवऱ्याकडेच वळवली की कविता मार खाण्याचं कौतुक करू लागते. माया दुसरीकडे खर्च होऊ द्या: चिमणी, वासरू, शेजारची पोर. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी (जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या) नवऱ्याची मारहाण स्वतःच्या अभंगांत सांगितली, आणि तिथेच गाईच्या वासराचा लळाही आहे. एखाद्या ओळीत तिला नकारही देऊ द्या. कधीच ‘नाही’ न म्हणणारी बाई पुतळा वाटते.

कडवी वाटताना सोळा ओळींत त्याला सहा, तिला आठ आणि दोन ओळी घराला द्या: चूल, ओटा, पाऊस. त्याच्या सहाच ओळी का? क्रौर्य पुन्हा पुन्हा आलं की बोथट होतं. दुसऱ्यांदा लाथ लिहायचा मोह झाला तर तिथे फक्त आवाज लिहा.

मराठीत विरोधाचं अर्धं काम संबोधनच करतं. तो ‘ए’ म्हणतो, ती ‘अहो’. हे दोन शब्द कवितेत एकेकदाच ठेवा. त्याच्या तोंडी तिचं नाव येऊ देऊ नका. तिनं उखाण्यात त्याचं नाव घेतलं असेल तर तो प्रसंग मारहाणीच्या आधीच्या कडव्यात टाका, नंतर टाकला तर तो टोमणा होतो. आणि ती स्वतः बोलत असेल तर तिला स्वतःची माया सांगायला लावू नका, बढाई वाटते. जात्यावरच्या ओव्यांत बाई गाऱ्हाणं जात्याला सांगते, ती सोय तुम्हालाही आहे.

राहता राहिलं कारण: कर्ज, गारपीट, पडलेला भाव. एका ओळीत सांगा, शेवटच्या कडव्यात नको, नाहीतर वाचक त्याला माफ करून उठतो. इथे मोठ्या अभंगाचा साचा बरा पडतो. 6-6-6-4 अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात.

लासलगावात
भाव पडे काल
तिचा गाल लाल
हिशेबाला

चौथा चरण 4 अक्षरांचा, म्हणून तिथे स्पष्टीकरणाला जागाच उरत नाही. ‘रागाच्या भरात’ लिहायचं ठरवलं तरी ती 6 अक्षरं होतात, बसतच नाहीत.