मावळ्यांचे फोटो काढायच्या आदल्या दिवशी

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतून किल्ले उभे राहतात. त्यावरचे मावळे, घोडेस्वार, तोफा कुणीतरी घरी बसून हातानं रंगवलेल्या असतात. फेट्याच्या चुण्या, मिशीची रेघ, ढालीवरची फुलं यांत रात्री जातात, आणि फोटोत उरतो एक भगवा ठिपका. रंगवणाऱ्यावर हा अन्यायच आहे. तो टाळायला नवा कॅमेरा लागत नाही. मोबाइल हातात घेण्याआधीची तयारी मात्र नीट लागते.

पहिल्यांदा उजेडाची जागा ठरवा, बाकी सगळं त्यानंतर. जो तो उत्तरेची खिडकी सांगतो, पण आपल्याकडे ते बारमाही खरं नाही. बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतून तिरीप आत येते. दिवाळीला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून तेव्हा उत्तरेची खिडकी दिवसभर एकसारखा, मऊ उजेड देते. तुमच्या सोप्याला दुसरीकडचीच खिडकी असेल तर काचेवर बटर पेपर चिकटवा किंवा पांढरं सुती कापड ताणून बांधा. टेबल खिडकीच्या अगदी जवळ घ्या, कारण मूर्तीच्या मानानं उजेडाचा पट्टा जितका मोठा तितक्या सावल्या मऊ. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करून ठेवा, म्हणजे सावलीतला गाल काळा पडत नाही.

फोटो काढताना घरातले दिवे बंद. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की मावळ्याचा एक गाल निळा आणि दुसरा हळद लावल्यासारखा दिसतो, आणि नंतर मोबाइलमध्ये एक सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो. रात्रीच काढायचे असतील तर दोन्ही बाजूंना एकाच जातीचे पांढरे दिवे लावा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, फोटोत मात्र काळे पट्टे उमटतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथं सेटिंग हातानं बदलता येतात तिथं, शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात.

आता मूर्ती. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झटका. ओलं फडकं लावू नका, पोस्टर कलरनं रंगवलेली असेल तर रंग फडक्यावर येईल. ऑइल पेंटचा मावळा चकाकतो आणि नाकावर, गुडघ्यावर पांढरे डाग दिसतात. त्यावर मॅट वॉर्निश हा उपाय आहे, पण पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला तर थर दुधाळ होतो, आणि खानापूर, जांबोटीकडे तर जूननंतर कोरडा दिवस शोधावा लागतो. त्यापेक्षा मूर्ती थोडी फिरवून चकाकी हटवा. तलवारीचं उलट असतं, तिथं चकाकी हवीच असते. पात्याला जे दिसतं तेच ते दाखवतं. म्हणून चौकटीबाहेर पांढऱ्या कागदाची एक पट्टी धरा आणि पातं उजळेपर्यंत हळूहळू सरकवा. मग काळ्या कागदाची पट्टी थोडी शेजारी आणा, धार वेगळी उठून दिसते. या एका गोष्टीला दहा मिनिटं द्यावीत असं मी मनापासून सांगेन.

मागे लावायला राखाडी किंवा मळकट निळा कार्डशीट आणा. भगवा फेटा त्यावर खुलतो. कागद भिंतीला टेकवून खाली टेबलावर घडी न पाडता वळवा, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. पांढरा कागद वापरलात तर मोबाइल सगळं चित्र काळवंडून टाकतो, मग उजेड हातानं वाढवावा लागतो.

पायाखाली माती घालणार असाल तर ती मैद्याच्या चाळणीतून चाळा. २८ मिलिमीटरचा सैनिक खऱ्या माणसाच्या साधारण ६० पट लहान असतो. त्याच्या पायाशी २ मिलिमीटरचा खडा राहिला तर तो १२ सेंटिमीटरचा धोंडा दिसतो. खानापूरची लाल माती चाळून घेतली की सुरेख बसते. गोकाक, अथणीकडची काळी माती फोटोत गडद होते, तिला थोडा जास्त उजेड द्या.

मोबाइल चार्ज करा, लेन्स स्वच्छ सुती कापडानं पुसा. तो हातात धरू नका. अर्धा किलो तांदळाच्या पिशवीवर तो पक्का बसतो, उंचीही हवी तशी करता येते. लेन्स मावळ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. वरून काढलेला फोटो खेळण्याचा दिसतो, समोरून काढलेला शिपायाचा. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं आणि पाय बारीक दिसतात. थोडं मागे सरून दुप्पट झूम लावा. काही मोबाइल जवळ गेल्यावर आपोआप मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळचं टिपायच्या मोडवर जातात, ते बंद ठेवा. डोळ्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना हलत नाही. मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र (अॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान ठेवा. त्याहून फार बारीक केलं की पुढून मागपर्यंत जास्त भाग फोकसमध्ये येतो, पण एकूण चित्र मऊ पडतं.

मांडणी मोडण्याआधी फोटो पूर्ण मोठा करून बघा. ब्रशचा सुटलेला केस, फेविकॉलची तार, बोटाचा ठसा हे सगळं आत्ताच दिसतं आणि आत्ताच काढता येतं. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि मिशीची रेघ तिथंच पुसली जाते.