झोपलेल्या जोडप्याचा अख्ख्या रात्रीचा एकच फोटो कसा काढायचा

ट्रायपॉड, रिमोट टायमर, ६४ जीबीचं रिकामं कार्ड, रॉ फाइल कशी उघडायची हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालते. परवानगी मात्र दोघांना वेगवेगळं विचारून घ्यायची. नवरा परस्पर "ती काही नाही म्हणणार नाही" असं बोलला तर शूट करायचं नाही, विषय संपला.

कॅमेरा बेडच्या बरोबर वर टांगा हा सल्ला आपल्याकडे चालतच नाही कारण ठाण्यातल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये नेमका तिथेच पंखा असतो, आणि झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर एवढं वजन लटकवणं मला मान्यच नाही. पायथ्याकडच्या लॉफ्टवर ठेवा, तिरका खाली रोखून. फोकस उशीवर मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन बंद, एसी आणि मच्छर मशीनच्या दिव्यांवर काळी टेप.

आता एक्स्पोजर, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते. मला सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर लागला. व्हिएन्नातल्या पॉल श्नेगेनबर्गर या फोटोग्राफरने मेणबत्तीच्या उजेडात मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत एकच एक्स्पोजर देऊन जोडप्यांचे फोटो काढलेत, ते बघून लोक सरळ सांगतात की शटर उघडं ठेवा आणि झोपा. डिजिटल कॅमेऱ्यावर हे करू नका! सेन्सर तापतो, फोटोत रंगीत ठिपके येतात, मध्येच बॅटरी गेली तर अख्खी रात्र गेली, आणि घोडबंदर रोडला लागून खालच्या मजल्यावर घर असेल तर रात्रभर ट्रकचे हेडलाइट भिंतीवर फिरतात ते सगळं त्याच एका फाइलमध्ये जमा होतं, नंतर वेगळं काढताच येत नाही. मेणबत्ती तर नकोच, पंखा आणि पडदे असलेल्या खोलीत झोपलेल्या माणसांजवळ रात्रभर ज्योत ठेवायची नाही.

त्यापेक्षा ३० सेकंदांचे फोटो सलग घ्या, नंतर ते सगळे एकावर एक ठेवून त्यांच्या सरासरीचा एकच फोटो करायचा. झिरो बल्ब भिंतीकडे वळवून लावा, एफ ५.६ आणि आयएसओ ४०० पासून सुरुवात करा आणि प्रत्येक फ्रेम स्वतःच नीट उजळ येतेय ना ते बघा कारण नंतर सरासरी काढल्यावर उजेड वाढत नाही. टायमरवर ३० सेकंद टाकू नका, बहुतेक कॅमेऱ्यांचे ३० सेकंद प्रत्यक्षात ३२ असतात आणि मग एक आड एक फोटो गळतो. ३४ ठेवा. काही रिमोटवर हा आकडा एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा असतो, काहींवर फक्त मधली गॅप, म्हणून दहा मिनिटं चालवून घड्याळाशी ताडून बघाच. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (ते रंगीत ठिपके कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि कूस बदललेली नेमकी त्यातच निसटते.

बारा ते पाच चालवलं तर सव्वापाचशेच्या आसपास फ्रेम होतात. बॅटरीच्या जागी डमी बॅटरी लावून प्लगवर चालवा. तुम्ही हॉलमध्ये झोपा किंवा सरळ घरी जा, दाराबाहेर कोणी जागं आहे हे कळलं की माणसं मोकळी झोपत नाहीत. मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातला, त्याच्या तासभर आधी थांबायचं.

दुसऱ्या दिवशी हेडलाइटवाल्या आणि उजाडल्यावरच्या फ्रेम काढून टाका, उरलेल्या फोटोशॉपमध्ये स्टॅक करून (एकावर एक रचून) मीन, म्हणजे सरासरी, निवडा. मीडियन, म्हणजे मधली किंमत, निवडा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, मीडियन हललेलं सगळं पुसून टाकतं आणि हातात नुसती दोन स्थिर माणसं उरतात. मीनमध्ये जिथे ते जास्त वेळ पडून होते तिथे अंग ठळक दिसतं, थोडाच वेळ असलेला हात विरळ. फायनल फोटो दोघांना दाखवा, त्यांनी हो म्हटल्यावरच ठेवा, आणि सुट्या फ्रेम फोनवर किंवा क्लाउडवर चुकूनही चढवू नका, त्यात पांघरूण सरकलेलं असतं, तोंड उघडं असतं, त्या त्यांच्यासमोरच डिलीट करा.