‘फिक्स’ दिसला म्हणून खुंटी ठोकू नका

सिव्हिलचा डिप्लोमा करून एका खासगी सर्व्हेअरकडे लागलो, तेव्हा साहेबांच्या रोव्हरला, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जमीन मोजायच्या, हातात घेऊन फिरायच्या जीपीएस यंत्राला, हात लावायची परवानगी नव्हती. लाखांची वस्तू ती. मग मी आणि माझ्या मित्राने पैसे काढले आणि यू-ब्लॉक्सच्या एफ९पी चिपचे दोन बोर्ड मागवले. एक बेस, म्हणजे एका जागी उभा राहून रोव्हरला दुरुस्ती पाठवणारा, आणि एक रोव्हर. माहितीपत्रकात अचूकता १ सेंटिमीटर अधिक १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग), म्हणजे बेसपासून १० किलोमीटर लांब गेलात की वर आणखी १ सेंटिमीटर. मोबाइलवर हिरवा ‘फिक्स’, म्हणजे जागा सेंटिमीटरपर्यंत पक्की झाल्याची खूण, उमटला आणि आम्हाला वाटलं, झालं काम.

पहिलंच शेत मोजताना नाक कापलं गेलं. बांधाच्या कोपऱ्यावर जुना आंबा, पलीकडे गोठ्याचा पत्रा. सकाळी घेतलेला तो कोपरा जेवणानंतर सहज पुन्हा घेतला, तर फरक ३८ सेंटिमीटर. दोन्ही वेळा स्क्रीन हिरवी! १२० मीटरचा बांध तेवढा सरकला तर जवळपास अर्धा गुंठा इकडचा तिकडे होतो. अर्ध्या गुंठ्यापायी सख्खे भाऊ बोलायचे थांबतात, हे गावाकडच्यांना सांगायला नको.

झालं काय, ते नंतर कळलं. रिसीव्हर उपग्रहापासून आपल्यापर्यंत किती लहरी मावतात हे ठरवतो. एल-१ या जीपीएसच्या मुख्य सिग्नलची एक लहर साधारण १९ सेंटिमीटरची. फांद्यांनी सिग्नल तुटला, पत्र्यावरून उसळून आला, की हा पूर्ण लहरींचा आकडा चुकीचा धरला जाऊ शकतो, आणि तरीही यंत्र छातीठोकपणे ‘फिक्स’ म्हणतं. महागड्या यंत्रांचंही असं होतं, फक्त कमी वेळा. तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक कोपरा दोनदा. एकदा घेतल्यावर रिसीव्हर बंद करायचा, नव्याने फिक्स पकडू द्यायचा, आणि दुसरं माप तासाभराने. झाडाखालचा बिंदू तर घ्यायचाच नाही. मोकळ्यावर दोन बिंदू घ्यायचे आणि दोन्हींपासून टेपने अंतर मोजून कोपऱ्याचा छेद काढायचा. जुन्या लोकांना हे हसू येण्याइतकं सोपं वाटतं.

चिपपेक्षा दगा देतं ते बाकीचं सामान. सोबत आलेला काडेपेटीएवढा अँटेना आम्ही नुसताच पीव्हीसी पाइपवर चिकटवला होता. त्याखाली पेढ्यांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण बसवलं, तेव्हा जमिनीवरून उसळणारे सिग्नल अडले आणि आकडे नाचायचे कमी झाले. पाइप सरळ उभा आहे का ते दाखवणारा बबल नव्हता. २ मीटरचा पोल १ अंश कलला तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं. मग चिपच्या एका सेंटिमीटरचं कौतुक कशाला?

बेसची चूक याहून मोठी. आम्ही रोज बेसला स्वतःची जागा सरासरीने शोधू द्यायचो. त्यामुळे एका दिवसाची अंतरं आपसात बरोबर, पण सोमवारचा नकाशा मंगळवारच्या नकाशावर बसायचा नाही, मीटरभर सरकलेला. काँक्रीटवर पक्की खूण करा आणि रोज तेच सहनिर्देशांक द्या. नाहीतर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनचं, म्हणजे कायम चालू असलेल्या सरकारी बेसचं, करेक्शन घ्या; महाराष्ट्रात अशी ७७ स्टेशनं उभारली आहेत.

आपल्या अक्षांशांवर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, दुपारी आणि सूर्यास्तानंतर त्रास देतो, म्हणून महत्त्वाचे कोपरे सकाळी उरकतो.

आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगतो: हे नियोजनाचं माप आहे. हद्द कायम करायची तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करावाच लागेल.

उंचीचा घोळ राहिलाच. पुण्याजवळच्या एका विहिरीच्या कट्ट्याची उंची आम्हाला टोपोशीटपेक्षा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या सरकारी नकाशापेक्षा, साठ-पासष्ट मीटरने कमी मिळाली. यंत्र लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, उंची देतं, टोपोशीट समुद्रसपाटीपासून, हे डोक्यात शिरायला आठवडा गेला. तोवर मित्राने बोर्ड बिघडला म्हणून परत पाठवायला पॅकही करून ठेवला होता.