झ्युरिकहून निघताना: चॉकलेटची तयारी

निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलवर बसून आधी माणसं लिहून काढा, चॉकलेटं नंतर. ऑफिसला एक मोठं पाकीट पुरतं, आत्याला मधुमेह म्हणून डार्क (साखर त्यातही असतेच, कमी असते इतकंच), शेजारच्या काकू पक्क्या शाकाहारी, भाच्यांना खोका मोठा दिसला की झालं. ही यादी हातात नसली की विमानतळावर टोपली भरत जाते आणि मुंबईत उतरल्यावर लक्षात येतं, वहिनी राहिलीच.

दुसरं, ‘ड्यूटी फ्री’ म्हणजे स्वस्त हे डोक्यातून काढून टाका. १९४७ साली आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर असं पहिलं दुकान निघालं. दारू-सिगारेटवर कर जबर असतो, तिथे ही पाटी कामाची. स्वित्झर्लंडमध्ये खाद्यपदार्थांवर व्हॅटच मुळात २.६ टक्के. तो माफ झाला तरी शंभर फ्रँकांमागे अडीच फ्रँक सुटणार. टॅक्स रिफंडसाठी एकाच दुकानात किमान ३०० फ्रँकांची खरेदी लागते, तेव्हा त्याही रांगेचा मोह नको.

म्हणून विमानतळावर तासभर आधी पोहोचा आणि सामान देण्यापूर्वी तिथल्याच शॉपिंग सेंटरमध्ये शिरा. मिग्रो आणि कोऑप ही दोन्ही सुपरमार्केटं तिथे आहेत, रविवारीही उघडी असतात. स्थानिक माणसं रोजचं चॉकलेट घेतात ते अशाच सुपरमार्केटांतून. शंभर ग्रॅमची तीस पाकिटं म्हणजे तीन किलो. तेवढी जागा आणि वजन चेक-इनच्या बॅगेत आधीच राखून ठेवा. चॉकलेट स्प्रेडची बरणी तर त्याच बॅगेत जायला हवी. हँडबॅगेत घेतलीत आणि वाटेत दुबई-दोह्याला पुन्हा तपासणी झाली, तर ती द्रवात मोजली जाऊन तिथेच राहील.

काकूंसाठी पाकीट उलटं करून वाचा. आपल्याकडचा हिरवा ठिपका तिथे नसतो आणि मजकूर जर्मन, फ्रेंच, इटालियनमध्ये असतो. ‘गेलाटिन’ आणि ‘अल्कोहोल’ हे शब्द मात्र सहज ओळखू येतात. जेलीच्या गोळ्यांत बहुधा डुकराचं किंवा गायीचं जिलेटिन असतं. काही चॉकलेटांच्या पोटात किर्श, म्हणजे चेरीची दारू, भरलेली असते. आजीच्या हातात तो डबा जाऊ देऊ नका.

टोब्लेरोन घ्यायचं का? १९०८ मध्ये बर्नला जन्मलेलं, पण आता मुंबईतही मिळतं. शिवाय काही उत्पादन स्लोव्हाकियाला नेल्यामुळे मॅटरहॉर्न हा स्विस डोंगर खोक्यावरून काढणार, हे कंपनीने २०२३ मध्ये सांगितलं. मी तरी घेत नाही.

सुरक्षा तपासणीनंतर उरलेली नाणी संपवा. मुंबईत मनी चेंजर फक्त नोटा घेतात. श्प्रुंग्ली या झ्युरिकच्या मिठाईच्या दुकानाचे लक्झेम्बुर्गर्ली, म्हणजे क्रीम भरलेले बारके मॅकरून, मात्र अगदी शेवटी घ्या, हातातच न्या, आणि ज्यांच्या घरी एक-दोन दिवसांत जाणार त्यांच्याच नावावर लिहा. ते टिकत नाहीत.

मे महिन्यात येत असाल तर मुंबईत टॅक्सीच्या डिकीत चॉकलेटची बॅग टाकू नका. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या वडीवर पांढरट थर येतो. ती बुरशी नसते, खायला हरकत नाही, पण कुणाला द्यायला बरं दिसत नाही. अशा वड्या घरच्यांनी संपवाव्यात.