दुचाकीचे फाटलेले सीट: ठिगळ लावावे, शिवावे की रेक्झीनच बदलावे?

मोटारसायकलच्या सीटवरचे रेक्झीन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर असतो. पीव्हीसी मुळात कडक असते आणि त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे ते लवचिक राहते. ऊन आणि उष्णता यांमुळे हे द्रव्य हळूहळू निघून जाते, रेक्झीन ताठर होते आणि बसणाऱ्याच्या वजनाने जिथे सर्वाधिक ताण येतो तिथे, म्हणजे बहुधा शिवणीच्या कडेने, तडकू लागते. म्हणून फाटलेल्या जागेइतकेच तिच्या आजूबाजूचे रेक्झीनही पाहिले पाहिजे. फटीपासून चार बोटे अंतरावर ते चिमटीत धरून दुमडून पाहावे. घडी सहज पडून पुन्हा सपाट झाली, तर दुरुस्तीला अर्थ आहे. घडीवर बारीक चिरा उमटल्या, तर ठिगळाचा नाद सोडावा, कारण ठिगळ शाबूत राहील आणि त्याच्या कडेचे रेक्झीन फाटेल.

त्यानंतर फोम तपासावा. फटीजवळ तळहाताने जोरात दाबल्यावर पाणी वर आले, तर आधी सीट उघडून फोम कोरडा करणे भाग आहे, कारण ओल्या फोमवर गोंद धरत नाही आणि आत अडकलेल्या ओलीने कव्हर धरून ठेवणाऱ्या पिना (स्टेपल) व सीटखालचा पत्र्याचा बेस गंजतो. फोम कधीही पिळू नये, तो फाटतो. जाड टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे आणि वाऱ्यावर ठेवावा. वरून कोरडा वाटणारा फोम आतून बराच काळ ओला राहतो, त्यामुळे येथे घाई करू नये.

छोटी चीर असेल, तर कव्हर न काढताही काम होते. चिरेभोवतीचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, कारण पूर्वी लावलेल्या पॉलिशमधील सिलिकॉनचा थर राहिला तर कोणताही गोंद टिकत नाही. लोंबणारे धागे कात्रीने कापावेत. चिरेपेक्षा सर्व बाजूंनी दीड ते दोन सेंटिमीटर मोठा, कोपरे गोल केलेला मजबूत कापडाचा तुकडा चिमट्याने आत सरकवून सपाट पसरावा, दोन्ही कडांखाली विनाइलसाठीचा, म्हणजे पीव्हीसीसाठीचा, लवचिक गोंद लावावा आणि कडा एकमेकींना भिडवून, वर प्लास्टिकचा कागद ठेवून, वजनाखाली रात्रभर दाबून ठेवाव्यात. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद येथे कामाचा नाही. तो सुकल्यावर कडक होतो आणि सीट दबताच तडकतो. जोड लपवण्यासाठी विनाइल फिलर (फट भरण्याचे द्रव्य) पातळ थरांत भरता येतो, मात्र रंग तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. काळ्या सीटवर हा फरक त्यातल्या त्यात कमी दिसतो.

नुसती शिवण उसवली असेल आणि रेक्झीन धड असेल, तर कव्हर काढून जुन्याच छिद्रांतून पॉलिस्टरच्या दोऱ्याने हाताने शिवावे. शेजारी नवी छिद्रे पाडली, तर तिकिटाच्या कडेसारखी ओळ तयार होते आणि रेक्झीन त्याच रेषेवर फाटते. सुती दोरा ओलीने कुजतो.

रेक्झीन बदलायचेच ठरले, तर जुने कव्हर हाच सर्वांत भरवशाचा नमुना असतो. पिना चपट्या पेचकसाने उचलून पकडीने ओढाव्यात आणि त्या वेळी डोळ्यांना चष्मा लावावा, कारण गंजलेली पिन तुटून उडते. कव्हर उसवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याची मध्यरेषा आणि शिवणीवर थोड्या थोड्या अंतराने आडव्या खुणा मार्करने करून ठेवाव्यात. नंतर वक्र तुकडे जुळवताना याच खुणा उपयोगी पडतात, आणि त्या न केल्यास सीटच्या एका बाजूला हमखास झोळ येतो. फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद अंथरल्यास शिवणीच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी फोममध्ये उतरत नाही आणि कव्हरही सहज सरकते.

चढवताना आधी पुढच्या टोकाचा मध्य, मग मागच्या टोकाचा मध्य आणि त्यानंतर दोन्ही बाजूंचे मध्य पक्के करावेत. पुढे एक पिन डावीकडे, एक उजवीकडे, असे कोपऱ्यांकडे सरकावे. रेक्झीन थोडे गरम केले की चांगले ताणले जाते, मात्र हेअर ड्रायर एकाच जागी धरून ठेवल्यास वरचा पोत सपाट होतो. पिनेची लांबी बेसच्या जाडीपेक्षा जास्त नसावी. प्लास्टिकच्या बेसला बहुधा सहा मिलिमीटरची पिन पुरते. लांब पिन आरपार जाऊन फोममध्ये शिरते. पिना स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, आणि कार्यालयातल्या स्टेपलरने हे काम होत नाही, स्टेपल गनच लागते. कोपऱ्यावर एक मोठी चुणी घेण्याऐवजी अनेक लहान चुण्या खालच्या बाजूला वळवाव्यात.

सीट गाडीवर बसवल्यावर कुलूप नीट अडकले आहे ना, हे दोन्ही हातांनी ती वर ओढून पाहावे. चमक आणणारे सिलिकॉनचे पॉलिश नव्या रेक्झीनवर लावू नये. सीट निसरडी होते आणि जोरात ब्रेक लावताच चालक पुढे घसरतो. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके पुरेसे आहे.