‘पर्यंत’ आणि ‘पासून’चं इंग्रजी : या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या घरी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो. येणारी मुलं बहुतेक मराठी घरांतली, शाळा मात्र गुजराती माध्यमाची. घाई सगळ्यांनाच. पहिल्याच दिवशी विचारतात, “टीचर, फाडफाड कधी बोलता येईल?” तीस दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या जाहिरातींनी या मुलांचं फार नुकसान केलंय. उच्चार घोटवून घेतात, आणि वाक्य मुळातच चुकलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘पर्यंत’ची. आपण म्हणतो, ‘पाचपर्यंत येतो’ आणि ‘पाचपर्यंत आहे’. शब्द एकच, फरक क्रियापद सांभाळतं. इंग्रजीत तोच फरक ‘बाय’ आणि ‘टिल’वर असतो. माझा एक विद्यार्थी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघायचा. परदेशी ग्राहक एका दिवसासाठी बडोद्यात आला होता. यानं सकाळी निरोप पाठवला, ‘आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह’. मनात होतं, पाचपर्यंत मी इथेच आहे, कधीही या. पाहुण्यानं वाचलं, हा पाचपर्यंत ऑफिसात पोचेल. तो दिवसभर हॉटेलवर थांबला आणि सव्वापाचला कारखान्यात आला. तोवर हा वाट पाहून घरी गेलेला. नमुने न बघताच पाहुणा रात्रीच्या विमानानं मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पूर्वी या दोन शब्दांना मी अर्धा तास द्यायचे. आता दोन दिवस देते.

माझी सवय सांगते. लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ‘तोवर चालू राहणार, की तोवर उरकणार?’ चालू राहणार असेल तर ‘टिल’, उरकणार असेल तर ‘बाय’. फोनला भाषांतर विचारू नका. तुमच्या मनात काय आहे, ते फोनला कळत नाही.

‘पासून’चंही असंच. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ आपल्याला सारखेच, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टू इयर्स’ असं वाक्य जन्माला येतं. कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर ‘सिन्स’. दिवस, महिने, वर्षं मोजावी लागली तर ‘फॉर’. आणि गोष्ट अजून चालू असेल तर ‘हॅव बीन लिव्हिंग’. संपलेल्या गोष्टीला साधा भूतकाळ पुरतो. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. ते वाक्य ‘ही लिव्ह्ड इन बरोडा फॉर थर्टीन इयर्स’ असं होतं, तिथे ‘हॅज’ लावू नका.

‘डिस्कस अबाउट’ नको, नुसतं ‘डिस्कस’. ‘मॅरिड विथ’ नाही, ‘मॅरिड टू’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’मधला शेवटचा ‘स’ खाऊ नका. ‘डिड’ आला की पुढे ‘गो’च, ‘डिड नॉट वेन्ट’ ऐकलं की मी वर्ग थांबवते. परदेशी प्राध्यापकांना ‘आय हॅव अ डाउट’ लिहू नका. आपली शंका म्हणजे प्रश्न. त्यांना वाटतं, तुमचा विश्वास नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा.

वाक्प्रचार तर शब्दाला शब्द लावून नेऊच नयेत. मराठीत पाय ओढणं म्हणजे कुणाला वर चढू न देणं. गुजरातीतली ‘टांटियाखेंच’ही तीच. इंग्रजीत मात्र ‘पुलिंग माय लेग’ म्हणजे निव्वळ थट्टा. माझ्या एका विद्यार्थिनीचं काम सहकारी मुद्दाम अडवून ठेवत होते. तिनं परदेशातल्या साहेबांना कळवलं, ‘दे आर ऑलवेज पुलिंग माय लेग’. उत्तर आलं, टीममध्ये इतकं खेळीमेळीचं वातावरण आहे हे वाचून आनंद झाला. मग आम्ही दोघींनी बसून ते पत्र पुन्हा लिहिलं : कुणी, कोणत्या तारखेला, कोणती फाइल अडवली. वाक्प्रचार एकही घातला नाही. या वेळी साहेबांनी त्याच दिवशी फोन केला.